लकव्यानंतर ‘चांगली’ बाजू ढिली पडू लागली तर? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांतून एकाच विषयावरची पत्रं निवडली आहेत. पक्षाघात होऊन काही दिवस किंवा आठवडे गेल्यावर हातापायांच्या नसांवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला, म्हणजे मुख्यतः गियां-बारे सिंड्रोम, हा तो विषय. बोलीत त्याला जीबीएस म्हणतात. उत्तरं मेंदूरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : वडिलांना (वय ६६) पाच आठवड्यांपूर्वी डाव्या बाजूचा लकवा झाला. काठी घेऊन घरात चालू लागले होते. मध्ये तीन दिवस जुलाब झाले, ते थांबले. आता परवापासून दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि उजव्या, म्हणजे चांगल्या पायातली चप्पल चालताना निसटते. काल खुर्चीतून उठता आलं नाही. नातेवाईक म्हणतात, लकवा दुसऱ्या बाजूला पसरला. पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. तोवर थांबावं का? (सातारा)

थांबू नका. हे पत्र आलं त्याच दिवशी आपल्याला तसं कळवलं आहे. इतर वाचकांसाठी कारण सविस्तर सांगतो.

लकवा असा पसरत नाही. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली की शक्ती काही सेकंदांत किंवा मिनिटांत जाते, बहुधा एका बाजूची. दुसरा झटका आला तरी तो असाच अचानक येतो. पायांपासून सुरू होऊन दिवसागणिक वर चढणारा, दोन्ही बाजूंचा अशक्तपणा आणि सोबत मुंग्या असतील, तर बिघाड मेंदूच्या बाहेर, पाठीच्या कण्यापासून हातापायांपर्यंत जाणाऱ्या नसांमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-ताप झाला असेल, तर ती शक्यता आणखी वाढते.

डॉक्टर हे कशावरून ओळखतात? साध्या रबरी हातोडीवरून. लकवा जुना होतो तशी बाधित बाजूची गुडघ्याची उडी वाढते, स्नायू ताठरतात आणि तळवा खरवडला की अंगठा वर उठतो. जीबीएसमध्ये उलट होतं : स्नायू ढिले पडतात आणि हातोडी मारूनही गुडघा उडत नाही. दोन्ही आजार एकाच माणसात असतील तेव्हा सर्वांत बोलकी खूण हीच, की पाच आठवड्यांपूर्वी जोरात उडणारा गुडघा आज उडतच नाही. म्हणून पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. त्यात प्रतिक्षिप्त क्रियांची नोंद असेल तर नव्या डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं. शिवाय चालू औषधांची यादी, जुना एमआरआय, जुलाब सुरू झाल्याची तारीख आणि चप्पल पहिल्यांदा निसटली तो दिवस लिहून न्या. पुढचे उपचार त्या शेवटच्या तारखेपासून मोजले जातात.

आणि अशक्तपणा अचानक आला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर दुसरा झटका समजूनच निघा. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांचीच असते. शंका कुठलीही असो, दार एकच : मेंदूरोगतज्ज्ञ, व्हेंटिलेटर आणि चोवीस तास अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय.

प्रश्न : पक्षाघात मेंदूचा आणि जीबीएस नसांचा. मग एकामुळे दुसरा होतो कसा? आमच्याकडे तर हे पुण्याच्या पाण्याने होतं असंच सगळे समजतात. (नागपूर)

आधी प्रमाण लक्षात घ्या. जीबीएस मुळातच दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात साधारण १ ते २ लोकांना होतो. पक्षाघाताच्या पाठोपाठ होणं तर त्याहूनही विरळा. अशा रुग्णांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत सुटी सुटी छापून येतात. त्यामुळे लकवा झालेल्या प्रत्येकाने याची धास्ती घ्यायची गरज नाही, पण खूण ओळखता यायला हवी.

संबंध दोन वाटांनी जोडला जातो. पहिली वाट जंतुसंसर्गाची, आणि आमच्या मते बहुतेकदा तीच खरी असते. पक्षाघातानंतर शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते. गिळताना ठसका लागून अन्नकण फुप्फुसात जातात, लघवीला नळी घातलेली असते. पक्षाघाताच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत कुठला ना कुठला संसर्ग होतो. काही जंतूंच्या बाह्य आवरणाची रचना आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड या स्निग्ध रेणूंसारखी असते. जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग नसांनाच शत्रू समजतात. यात अग्रभागी असलेला जंतू म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. अर्धकच्चं चिकन आणि दूषित पाणी हे त्याचे नेहमीचे मार्ग. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. पुढच्या आठवड्यांत संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. म्हणजे पाण्याचा संबंध आहे, पण तेवढंच एक कारण नाही.

दुसरी वाट थेट मेंदूतून जाते. एरवी मेंदूतले रेणू रक्तापासून एका पडद्याने अलग ठेवलेले असतात. झटक्यात तो पडदा फाटतो, मेंदूच्या पेशींचे तुकडे, त्यात गँग्लिओसाइडही, रक्तात उतरतात आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी ते पहिल्यांदाच पाहतात. डोक्याला मार लागल्यावर किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या जीबीएसचंही असंच स्पष्टीकरण दिलं जातं. तर्क पटण्यासारखा आहे, पण एखाद्या रुग्णात नेमकं हेच झालं असं सिद्ध करणं अवघड असतं.

इथे एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. काही देशांत पक्षाघातावर ‘मेंदूची ताकद’ म्हणून प्राण्यांच्या मेंदूपासून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शनं दिली गेली. ती घेतल्यानंतर जीबीएस झाल्याच्या नोंदी झाल्या आणि युरोपातल्या काही देशांनी ती मागे घेतली. पक्षाघातात त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. असं इंजेक्शन कुणी सुचवलं तर बाटलीवरचं औषधाचं मूळ नाव वाचा आणि ‘हे कशासाठी?’ असं स्पष्ट विचारा.

प्रश्न : आई १८ दिवस आयसीयूत होती, त्यातले ११ दिवस व्हेंटिलेटरवर. आता चारही हातपाय लुळे आहेत. हाही जीबीएसच का? (कोल्हापूर)

बहुधा नाही. लांबलेला आयसीयूतला मुक्काम, रक्तात पसरलेला संसर्ग आणि व्हेंटिलेटर यांनंतर नसा आणि स्नायू दोन्ही थकतात. त्याला क्रिटिकल इलनेस न्यूरोपथी म्हणतात. तिथे अशक्तपणा आजाराच्या भरात येतो, चेहऱ्याचे स्नायू बहुधा शाबूत राहतात आणि पाठीतल्या पाण्यातली (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातली) प्रथिनं जीबीएससारखी सहसा वाढत नाहीत. आयव्हीआयजीचा, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं (इम्युनोग्लोब्युलिन) शिरेतून देण्याचा, त्यात उपयोग नाही. चांगलं पोषण, साखरेवर ताबा आणि व्यायाम हाच उपचार.

पक्षाघातानंतर नव्याने आलेल्या अशक्तपणाची आणखी काही कारणं जीबीएसपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात, म्हणून ती आधी तपासून बाजूला काढावी लागतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि पाय लटपटतात. रक्ताच्या एका तपासणीत हे तासाभरात कळतं. एकाच कुशीवर झोपवल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस दबते आणि फक्त पाऊल लोंबतं. घरी परतताना पडल्यामुळे मानेचा मणका सरकून मज्जारज्जू दबलेला असू शकतो. तिथे मान दुखते, लघवी अडते आणि छातीवर किंवा पोटावर एका रेषेखाली स्पर्श कळत नाही. ही स्थिती जीबीएसइतकीच तातडीची आहे.

दोन कारणं प्रतिकारशक्तीशीच निगडित आहेत. पक्षाघातानंतर जवळपास सगळ्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी सुरू होते. फार थोड्या लोकांत त्यातून स्नायूंवर स्वयंप्रतिकार हल्ला सुरू होतो, आणि गोळी बंद करूनही तो थांबत नाही. मांड्या आणि खांदे गळतात, मुंग्या नसतात आणि रक्तातलं सीपीके (इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात येणारं द्रव्य) हजारोंच्या घरात जातं. पण केवळ अंग दुखतं म्हणून स्टॅटिन स्वतःहून थांबवू नका, ती पुढचा झटका टाळते. दुसरं कारण रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. तो मेंदूत झटका देतो आणि नसांचाही रक्तपुरवठा तोडतो. आधी एक पाऊल पडतं, मग आठवड्याने दुसऱ्या हाताचं मनगट लोंबतं, वेदना भयंकर असतात, सोबत ताप, वजनात घट आणि वाढलेला ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची तपासणी). इथे स्टिरॉइड लागतात, जीबीएसमध्ये ते चालत नाहीत. म्हणून निदान चुकवून चालत नाही.

प्रश्न : सासऱ्यांना क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू आहे. पाठीतलं पाणी काढायला सांगितलं, पण रक्तस्राव होईल म्हणून थांबवलं. नसांची (त्यांतून वीज कशी वाहते याची) तपासणीही नॉर्मल आली. मग निदान कशावर? (ठाणे)

जीबीएसचं निदान मुळात रुग्णाला हाताने तपासून होतं, यंत्राने फक्त त्याला दुजोरा मिळतो. पाठीतल्या पाण्यात पेशी मोजक्याच आणि प्रथिनं मात्र वाढलेली, ही खूण १९१६ साली पॅरिसमध्ये गियां, बारे आणि स्ट्रोल यांनी दोन सैनिकांत नोंदवली. पण पहिल्या आठवड्यात बऱ्याच रुग्णांत प्रथिनं वाढलेलीच नसतात. उलट मधुमेहात ती थोडी वाढलेली असू शकतात. नसांची तपासणीही पहिल्या काही दिवसांत नॉर्मल येते. ती दोनेक आठवड्यांनी पुन्हा करतात.

नुसतं ॲस्पिरिन चालू असेल तर पाणी काढायला सहसा अडचण नसते. क्लोपिडोग्रेलसाठी नेहमीच्या परिस्थितीत ५ ते ७ दिवस थांबतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांसाठी औषध आणि मूत्रपिंडाची ताकद पाहून अंतर ठरतं. ताज्या पक्षाघातात या गोळ्या थांबवणं धोक्याचं असल्याने तो निर्णय डॉक्टरांचाच. घरच्यांनी परस्पर गोळी चुकवू नये. चित्र स्पष्ट असेल तर पाठीतल्या पाण्यासाठी उपचार अडवून ठेवायची गरज नाही. मात्र प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी लागणारं रक्त आयव्हीआयजी सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवायला सांगा. नंतर काढलं तर दात्यांची प्रतिपिंडं त्यात दिसतात आणि अहवाल फसवा येतो.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात, इम्युनोग्लोब्युलिन द्या किंवा प्लाझ्मा बदला, दोन्ही चालतं. पण आयव्हीआयजीने रक्ताच्या गुठळ्या होतात असं वाचलं. ज्यांना आधीच लकवा झालाय त्यांना काय द्यावं? (पुणे)

प्रश्न अगदी योग्य आहे. जीबीएसमध्ये दोन्ही उपचारांचा फायदा सारखाच आहे, त्यामुळे निवड बाजूच्या धोक्यांवरून करायची.

आयव्हीआयजीची मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस, एकूण २ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, सगळं मिळून १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. हात-पाय ढिले पडू लागल्यापासून २ आठवड्यांच्या आत सुरू केली तर तिचा उपयोग होतो. हे औषध रक्त दाट करतं. त्यामुळे पाय, फुप्फुस, हृदय किंवा मेंदू यांत गुठळी होण्याचा धोका आहेच. वय जास्त, आधी झालेला पक्षाघात आणि अंथरुणाला खिळलेलं असणं, तिन्ही गोष्टी तो वाढवतात. म्हणून औषध द्यायचंच असेल तर सावकाश द्या. १० टक्के द्रावणाचा सुरुवातीचा वेग किलोमागे ताशी ०.५ मिली असतो, म्हणजे ६० किलोला ताशी ३० मिली. रोजचे २४० मिली याच वेगाने दिले तर ८ तास लागतात. बेड मोकळा करायच्या घाईत हा वेग वाढवू देऊ नका. शरीरात पुरेसं पाणी असावं, आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासावं, साखरेचं मिश्रण असलेला ब्रँड टाळावा आणि पायांत गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनच्या छोट्या इंजेक्शनबद्दल विचारावं. औषध चालू असताना डोकं दुखणं नेहमीचं आहे, पण नवा अशक्तपणा किंवा बोलण्यात फरक दिसला तर औषध थांबवून लगेच मेंदूचा स्कॅन.

प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणजे रक्तातला द्रव काढून अल्ब्युमिन भरणं. दोनेक आठवड्यांत साधारण ५ सत्रं होतात आणि सुरुवातीपासून ४ आठवड्यांपर्यंत उपयोग होतो. गुठळीचा धोका मोठा असेल तिथे आमचा कल याकडे आहे. पण त्यालाही अटी आहेत. सत्राच्या दरम्यान बीपी घसरतं, आणि ज्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्याला ते सोसत नाही. रामिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर सत्राच्या २४ तास आधी थांबवतात, नाहीतर अल्ब्युमिन भरताना बीपी एकदम कोसळू शकतं. ही गोष्ट घरच्यांनी आठवणीने सांगावी, कारण प्लाझ्मा बदलणारा विभाग वेगळा असतो आणि औषधांचा कागद वॉर्डातच राहतो. सकाळच्या गोळ्या सत्रानंतर द्यायच्या, आधी दिल्या तर काही औषधं प्लाझ्माबरोबर बाहेर जातात. रक्त गोठवणारे घटकही निघून जातात, त्यामुळे त्यांतला फायब्रिनोजेन हा घटक तपासतात. मेंदूत ताजा रक्तस्राव झालेला असेल तर हे विशेष पाहावं लागतं.

प्लाझ्मा बदलून लगेच वर आयव्हीआयजी दिल्याने अधिक फायदा होत नाही. पहिल्या कोर्सनंतर सुधारणा दिसत नाही म्हणून लगेच दुसरा कोर्स द्यावा का, याची रीतसर चाचणी झाली आहे. त्यात फायदा दिसला नाही, उलट गुठळ्यांचे प्रकार वाढले. स्टिरॉइडच्या गोळ्या जीबीएसमध्ये निरुपयोगी आहेत.

आणखी एक गोची. रुग्ण आधाराशिवाय १० मीटर चालू शकत नसेल तर उपचार सुरू करावेत, असा साधारण निकष आहे. लकवा झालेला माणूस आधीच चालू शकत नसतो. त्याच्या बाबतीत ‘चांगल्या’ हातापायाची शक्ती किती दिवसांत किती उतरली, हेच मोजमाप धरायला हवं.

खर्चाबद्दल : रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) पहिल्याच दिवशी भेटा. मंजुरीचे कागद वेळ खातात.

प्रश्न : रात्री आम्हीच जवळ असतो. धोका वाढतोय हे आम्हाला कसं कळणार? बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र पुरेल का? (रत्नागिरी)

नाही पुरणार. जीबीएसच्या २० ते ३० टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. छातीचे स्नायू थकले तरी ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ ९६-९७ राहतो आणि तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याऐवजी दर तीन-चार तासांनी हे करा. रुग्णाला बसतं करा, खोल श्वास घ्यायला सांगा आणि एकाच श्वासात, सेकंदाला दोन या गतीने मोठ्याने आकडे मोजायला लावा. धडधाकट माणूस ५० च्या आसपास जातो. आकडा २० च्या खाली आला, किंवा सकाळी ३५ आणि दुपारी २२ अशी घसरण दिसली, तर तेव्हाच सिस्टरना उठवा. कागदावर वेळ आणि आकडा लिहीत जा.

पण लकव्यात वाचा गेलेली असेल किंवा जीभ जड असेल तर ही चाचणी फसते. तिथे तीन गोष्टी बघा : उशीवरून मान उचलता येते का, खोकल्यात जोर आहे का, आणि मिनिटाला श्वास ३० कडे चाललेत का. तोंडातली लाळ बाहेर येऊ लागली किंवा पाण्याचा घोट घेताना नव्याने ठसका लागू लागला तर तोंडाने काहीच देऊ नका.

नाडी आणि बीपी वर-खाली होणं हा या आजाराचाच भाग आहे. ७० ची नाडी मिनिटात १४० होते, बीपी २०० वरून ९० वर येतं. घशातला कफ ओढताना नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून ते काम मॉनिटरसमोरच व्हावं. चढलेलं बीपी पाहून जास्त वेळ टिकणारी जोरदार गोळी देणं लकव्याच्या रुग्णाला महागात पडतं, कारण दहा मिनिटांनी तेच बीपी खाली येणार असतं. डोळा पूर्ण मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि चिकटपट्टी. नाहीतर बुबुळाला जखम होते.

प्रश्न : फिजिओथेरपिस्ट लकव्याचे व्यायाम जोरात करून घेत होते. आता तेच चालू ठेवायचे का? (छत्रपती संभाजीनगर)

बदलावे लागतील. लकव्यात पुन्हा पुन्हा करण्यावर भर असतो, जीबीएसमध्ये दमलेल्या स्नायूला जास्त राबवलं तर तो मागे जातो. पहिल्या, उतरत्या टप्प्यात फक्त प्रत्येक सांधा हलक्या हाताने पूर्ण फिरवणं, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. दर दोन तासांनी कूस. पाऊल घोट्यात काटकोनात राहील असा आधार, आणि तो दोन्ही पायांना, कारण आता दोन्ही पावलं लोंबतात. लुळ्या हाताला धरून कधीही ओढून उठवू नका. खांदा निखळतो आणि तिथली नस ताणली जाते.

चांगला हात बांधून लुळा हात वापरायला लावण्याचा व्यायाम चालू असेल तर तो तत्काळ बंद. ‘चांगल्या पायावर भार द्या आणि उठा’ ही घरी शिकवलेली पद्धतही आता पाडणारी आहे. पलंगावरून खुर्चीत नेताना दोन माणसं लागतील.

शक्ती परतू लागली की उभं करायच्या टेबलावर २०-३० अंशांपासून सुरुवात, प्रत्येक पायरीला बीपी मोजून. वरचा आकडा २० ने उतरला तर परत आडवं. व्यायाम तासभर सलग नको, १०-१५ मिनिटांचे तीन-चार तुकडे करा. जो स्नायू स्वतःचंच वजन उचलू शकत नाही त्याला वाळूची पिशवी बांधू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्नायू कालच्यापेक्षा ढिला वाटला तर कालचा व्यायाम जास्त झाला होता असं समजून निम्मा करा.

प्रश्न : बरं व्हायला किती दिवस? आणि पुढे फ्लूची लस द्यायची का? (पणजी)

अशक्तपणा बहुतेकांत २ आठवड्यांत, जास्तीत जास्त ४ आठवड्यांत तळ गाठतो, काही दिवस तिथेच थांबतो आणि मग कमी होऊ लागतो. नुसत्या जीबीएसमध्ये सहा महिन्यांनी सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालतात, आणि चांगले उपचार मिळूनही ३ ते ७ टक्के दगावतात. लकवा सोबत असेल तर तुलना ‘पूर्वीसारखे’ यांच्याशी करू नका, लकव्यानंतर जिथवर पोहोचले होते तिथपर्यंत परतणं हे पहिलं उद्दिष्ट ठेवा. अशक्तपणा ८ आठवड्यांनंतरही वाढतच असेल किंवा सुधारून पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर तो सीआयडीपी हा लांबणारा भाऊबंद असू शकतो. त्याला स्टिरॉइड लागू पडतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात.

फ्लूची लस पक्षाघात झालेल्यांना फायद्याची आहे. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर लाखामागे साधारण एक जादा जीबीएस आढळला होता, तिथून ही भीती आली. पूर्वीचा जीबीएस फ्लूची लस घेतल्यापासून सहा आठवड्यांच्या आत झाला असेल तर ती सहसा टाळतात. जुलाबानंतर किंवा पक्षाघातानंतर झाला असेल, तर अशक्तपणा पूर्ण स्थिरावल्यावर आपल्या डॉक्टरांना विचारून देता येते.